केसांसाठी काढलेली रजा

रजेच्या छापील अर्जात एक रकाना असतो, ‘रजेचे कारण’. सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत लिपिक म्हणून माझी सत्तावीस वर्षे गेली. कविता मी रात्री लिहितो; दिवसा लोकांच्या रजा मोजतो. किरकोळ, अर्जित, अर्धवेतनी, परिवर्तित, असाधारण. रजेची ही नावेच इतकी भारदस्त, की आमच्या मिरजेतल्या एखाद्याला वाटावे, हे रागांचे प्रकार आहेत की काय!

कारणाच्या रकान्यात मी काय काय वाचले आहे! आषाढी जवळ आली की आमच्याकडे कंबरदुखीची साथ येते. भुईमुगाच्या काढणीला बऱ्याच जणांचे सासरे आजारी पडतात. ऊरूस भरला की निम्म्या कचेरीचे पोट बिघडते. साहेबांना ठाऊक असते, मला ठाऊक असते आणि अर्जदाराला तर असतेच. हा एक प्रेमळ करार आहे आणि तो वर्षानुवर्षे पाळला जातो.

गेल्या काही वर्षांत मात्र या रकान्यात न लिहिले जाणारे एक नवे कारण आले आहे. तिशीतला पोरगा ‘व्हायरल ताप’ म्हणून आठ दिवस जातो आणि परततो तो कानापर्यंत टोपी ओढून. डिसेंबर असेल तर खपून जाते. मे महिन्यात, पंख्याखाली, लोकरीची टोपी काही खपत नाही. पुढे कधीतरी टोपी निघते आणि कपाळावर बारीक ठिपक्यांची नवी रेषा दिसते. ताप असा रेषा आखून जात नाही. शाखेतले सगळे समजून जातात आणि कोणी काही बोलत नाही, म्हणजे समोर बोलत नाही.

आज मी या रजेविषयी बोलणार आहे. केशरोपण करावे की करू नये, हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझ्या स्वतःच्या डोक्यावर पस्तिशीतच पटांगण झाले आणि मी त्याची जमीन पडीक ठेवली. पण ज्याला ती लागवडीखाली आणायची आहे त्याला मी हसत नाही. ज्या उर्दू शायरीवर मी वाढलो तिच्यात प्रेयसीच्या केसांवर पानेच्या पाने भरली आहेत. शायराच्या स्वतःच्या उतरत्या केसांची कैफियत मात्र कोणी मांडल्याचे चटकन आठवत नाही. शाळेत, कट्ट्यावर, वरातीत ‘टकल्या’ ही हाक आपण किती सहज मारतो! २०१९ च्या नोव्हेंबरात ‘उजडा चमन’ आणि ‘बाला’ हे दोन हिंदी चित्रपट एका पाठोपाठ एक आले. दोन्हींचा नायक ऐन तारुण्यात टक्कल पडलेला. लोक थिएटरात खूप हसले. हसणाऱ्यांतले कित्येक जण घरी जाऊन आरशासमोर उभे राहिले असतील.

माझा भाचा त्यांतलाच. वय एकतीस. पुण्यात एका वित्त कंपनीत ट्रॅक्टरच्या कर्जांचे काम पाहतो. काम म्हणजे काय, तर मोटारसायकल. सकाळी यवत, दुपारी दौंड, संध्याकाळी परत. मागच्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. “मामू, शुक्रवारी करून घेतो आणि सोमवारी कामावर जातो. क्लिनिकवाले म्हणतात, तीन दिवसांत सगळं नॉर्मल.”

मी म्हणालो, “कोणाचं नॉर्मल? खुर्चीवर बसणाऱ्याचं, की तुझ्यासारख्या उन्हात फिरणाऱ्याचं?”

जाहिरात खोटी नव्हती. ती अर्धी होती. घरी बसून संगणकावर काम करणारा माणूस तीन-चार दिवसांत खरोखरच कामाला लागू शकतो. पण रजेचा हिशेब माणसाच्या कामावरून करायचा असतो, जाहिरातीवरून नाही. त्यासाठी आधी डोक्यावर नेमके काय घडते ते समजून घ्यायला हवे.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ही रोपांची लावण आहे. डोक्याच्या मागच्या बाजूचे आणि कानांच्या वरच्या पट्टीतले केस सहसा जात नाहीत. तिथली रोपे काढून पुढे लावली तरी ती आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत. म्हणजे नव्या जागीही टिकून राहतात. जपानमध्ये डॉ. शोजी ओकुडा यांनी १९३९ साली केसांच्या रोपणाविषयी लिहिले होते, पण महायुद्धाच्या धामधुमीत ते बाहेरच्या जगात फारसे पोचले नाही. पुढे न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी १९५२ साली पुरुषांच्या टकलावर हा प्रयोग केला आणि १९५९ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी केसांसकट त्वचेचे जाड गोल तुकडे लावत आणि डोके बाहुलीच्या डोक्यासारखे दिसे. आता एकेक मूळ वेगळे काढतात. एका मुळात एक ते चार केस असतात आणि काढायची नळी मिलिमीटरभर किंवा त्याहून बारीक असते. ही पद्धत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधानंतर जगभर पसरली. तिला एफयूई म्हणतात. दुसऱ्या, म्हणजे एफयूटी पद्धतीत मागच्या त्वचेची एक पट्टीच कापून घेतात, तिथे टाके घालतात आणि ते साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. म्हणजे रजा मोजताना आपली पद्धत कोणती, हेही विचारून घ्यायला हवे.

भाच्याची रोपे होती दोन हजार. दोन हजार जागी काढलेली आणि दोन हजार जागी लावलेली, अशा मिळून चार हजार बारीक जखमा. जागा बधिर करून काम होते म्हणून त्या वेळी दुखत नाही. पण त्या चार हजार जखमांना सोमवार-मंगळवार कळत नाही.

मी भिंतीवरची दिनदर्शिका काढली आणि शस्त्रक्रियेचा शुक्रवार हा शून्य दिवस धरला. पहिल्या दोन दिवसांत मागच्या बाजूला ठणका, पाणी झिरपणे, पट्टी. तिसरा दिवस सोमवार. कपाळात उतरलेली सूज साधारण याच सुमारास डोळ्यांवर येते. म्हणजे हा पठ्ठ्या ज्या दिवशी कर्जदाराच्या दारात उभा राहणार होता, त्याच दिवशी त्याचे डोळे मिटायची वेळ येणार होती. पाचव्या दिवसापर्यंत सूज ओसरते, पण डोक्यावर खपल्यांची तांबडी नांगरट दिसत असते. सातव्या ते दहाव्या दिवसापर्यंत, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हलक्या हाताने धूत राहिले तर, खपल्या गळून पडतात. दहाव्या दिवसाच्या आसपास रोपे पक्की धरतात. त्याआधी डोके कशावर घासले, कोणी प्रेमाने टपली मारली, तर रोप निघू शकते.

दहावा दिवस येत होता दुसऱ्या सोमवारी. मध्ये दोन रविवार आणि नाताळची सुट्टी. सात दिवसांची रजा आणि तीन सुट्ट्या, असे दहा दिवस जुळले. रजेच्या मागेपुढे आणि मध्ये सुट्टी बसवणे ही आमच्या शाखेतली कला आहे. सत्तावीस वर्षांत ती कवितेपेक्षा मला जास्त साधली असावी.

हिवाळा निवडला तेही बरे झाले. घाम कमी, ऊन सौम्य. आमच्याकडच्या एप्रिलात ताज्या रोपांचे हाल होतात. रमजानही टाळावा असे मी सुचवले, कारण पहिल्या आठवड्यात वेळेवर गोळ्या आणि भरपूर पाणी लागते. आणि ज्यांना लग्नाच्या फोटोसाठी केस हवे आहेत त्यांनी तर लग्नाच्या तारखेपासून बारा महिने मागे मोजावे. लग्नाच्या पंधरा दिवस आधी केलेले रोपण फोटोत टक्कलापेक्षा वाईट दिसते.

रविवारी डॉक्टरांनी तपासले, क्लिनिकमध्ये पहिल्यांदा डोके धुऊन दिले आणि दुपारच्या गाडीने भाचा मिरजेला माझ्याकडे आला. स्वतःच्या घरी गेला नाही, कारण त्याने अम्मीला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, काही सांगितलेच नव्हते. आपाचे घर माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. मुलगा गावात आलाय हे तिला मटणवाल्याकडून कळले. सोमवारी सकाळी ती डबा घेऊन आली आणि दारातच थबकली. पोराचे डोळे सुजून फटी झालेल्या, कपाळ फुगलेले, डोक्यावर रक्ताळलेले ठिपके.

“कोणी मारलं रे तुला?” एवढेच ती म्हणाली आणि खाली बसली.

तिला सगळे समजावून सांगायला अर्धा तास लागला. मग ती रागावली. पैशावरून नाही, केसांवरून नाही. “मला सांगितलं असतंस तर मी पुण्याला आले असते. एवढं डोकं चिरून घेतलंस आणि रात्री एकटा झोपलास?” असे ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मग तिनेच उशा रचल्या. पहिले काही दिवस डोके उंच ठेवून, अर्धवट बसूनच झोपायचे असते. आमच्या अब्बांची जुनी आरामखुर्ची माळ्यावरून खाली आली. पाच रात्री भाचा तिच्यात झोपला आणि आपा शेजारी सतरंजीवर.

आपाचा तो प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. रजेचे कारण लपवताना आपण नकळत माणसेही दूर ठेवतो. कचेरीला सांगत नाही, ठीक आहे. पण मित्राला सांगत नाही, घरी सांगत नाही आणि भाड्याच्या खोलीत एकटे पडून राहतो. बहुतेकांचे निभावते, कारण ही शस्त्रक्रिया योग्य हातांत सहसा सुखरूप होते. पण ती शस्त्रक्रियाच आहे. २०१९ साली मुंबईत एका व्यावसायिकाचा केशरोपणानंतर दोन-तीन दिवसांत मृत्यू झाला. एकाच बैठकीत त्याने फार मोठ्या संख्येने रोपे लावून घेतली होती. २०२५ साली कानपूरमधून केशरोपणानंतर दोन अभियंत्यांचा मृत्यू झाल्याची बातमी आली आणि शस्त्रक्रिया कोणी केली, त्याची पात्रता काय, यावर चौकशी सुरू झाली. यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहून किंवा नुसत्या कार्यशाळेला हजेरी लावून केशरोपण शिकता येत नाही, त्यासाठी शस्त्रक्रियेचे रीतसर प्रशिक्षण हवे, हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाला २०२२ साली स्पष्टपणे सांगावे लागले, यातच सगळे आले.

म्हणून पैसे भरण्याआधी विचारावे, की शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर कोण, त्यांची पदवी कोणती, ते पूर्ण वेळ हजर राहणार का, आणि रात्री काही झाले तर फोन कोण उचलणार. आपल्याला असलेला रक्तदाब, मधुमेह, चालू असलेल्या गोळ्या, कोणत्या औषधाची ॲलर्जी, हे लपवू नये. डोळ्यांवरची सूज तिसऱ्या-चौथ्या दिवशी आली तर ती बहुधा नेहमीची. पण ताप चढला, ठणका कमी होण्याऐवजी वाढू लागला, पू दिसला, अंगावर पित्त उठले, श्वास लागला, छाती भरून आली, तर सकाळची वाट पाहायची नाही. आणि हे ओळखायला शेजारी कोणीतरी जागे लागते.

या दहा दिवसांत एक प्रश्न आमच्या घरातला होता. वाकायचे नाही, डोके खाली न्यायचे नाही, कपाळ कशाला टेकवायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. मग सजद्याचे काय? आजाऱ्याला बसून, इशाऱ्याने नमाज पढण्याची मुभा आहेच. भाचा खुर्चीत बसून नमाज पढला. वजू करताना डोक्यावरून ओला हात फिरवण्याबाबतही मोहल्ल्यातल्या मौलवींना विचारून घेतले. जखमेला पाणी बाधत असेल तर तिथेही सवलत आहे. मौलवी हसून मला म्हणाले, “कवीसाहेब, पोराला धर्माने दहा दिवसांची सूट दिली. आता त्याच्या कंपनीचे बघा.”

कंपनीचेच बघायचे होते. खरी अडचण दहाव्या दिवसानंतर सुरू होत होती, आणि ती होती हेल्मेट. त्याच्या डॉक्टरांनी घट्ट हेल्मेट आणि डोक्यावर थेट ऊन तीन आठवडे वर्ज्य सांगितले होते. हेल्मेट घालता येत नाही आणि हेल्मेटशिवाय दुचाकी चालवता येत नाही. कायदाही तेच सांगतो आणि शहाणपणही. मग यवत-दौंड कसे करायचे? म्हणजे दहा दिवस रजा आणि पुढचे अकरा दिवस बसून करायचे काम, अशी दोन टप्प्यांची सोय हवी होती. तापाच्या नावावर ही सोय मिळत नाही. ताप गेला की माणूस हेल्मेट घालू शकतो.

शिवाय तापाच्या नावाने आठ-दहा दिवस घेतले की कंपनी दाखला मागते. मग ओळखीच्या डॉक्टरकडून खोटा दाखला. हा रस्ता किती निसरडा आहे ते मी टेबलाच्या या बाजूने पाहिले आहे. केसांसाठी रजा काढली म्हणून कोणाला नोटीस गेल्याचे मी पाहिलेले नाही. खोट्या दाखल्यासाठी गेलेल्या नोटिसा मात्र मी स्वतः टंकलिखित केल्या आहेत.

आणि खोटे बोलायची खरेच गरज असते का? महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा ज्यांना लागू आहे त्यांना वर्षाला ८ पगारी किरकोळ रजा मिळतात. वर्षात २४० दिवस काम भरले की दर २० दिवसांमागे एक पगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. सरकारी नोकराच्या खात्यावर अर्जित रजा असते. ही रजा तुमच्या घामाची आहे. ती हिमालय पाहायला वापरा नाहीतर डोक्यावर रान उगवायला. वैद्यकीय दाखल्यावरची परिवर्तित रजा महाग पडते. एक दिवस घेतला की अर्धवेतनी खात्यातून दोन दिवस वजा होतात. म्हणून आपण ठरवून, तारीख निवडून करणार आहोत अशा गोष्टीसाठी आधी अर्ज टाकून अर्जित रजा घेणे हे हिशेबाला बरे आणि मनालाही. खर्चाचेही लक्षात ठेवावे. केवळ दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचे पैसे आरोग्य विमा देत नाही. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतर करावी लागणारी पुनर्रचना वेगळी.

मी भाच्याला अर्जाचा मजकूर सांगितला. ‘डोक्याच्या त्वचेवर नियोजित छोटी शस्त्रक्रिया करून घेणार असल्याने अमुक ते अमुक तारखेपर्यंत रजा मिळावी. त्यानंतर वैद्यकीय सल्ल्यानुसार अकरा दिवस हेल्मेट व ऊन टाळावयाचे असल्याने त्या काळात कार्यालयातील काम देण्यात यावे.’ यात एक शब्द खोटा नाही आणि एक शब्द जास्तीचा नाही. सगळे सांगायचे नसेल तर न सांगण्याचा हक्क माणसाला आहे. पण जे सांगायचे ते खरे असावे, म्हणजे पुढे दिलेला दाखला आणि आधी केलेला अर्ज एकमेकांशी भांडत नाहीत.

त्याच्या साहेबांचा फोन आला. “डोक्याच्या त्वचेवर म्हणजे केस का?” भाचा दोन क्षण गप्प राहिला आणि मग “हो सर” म्हणाला. पलीकडून हसण्याचा आवाज आला आणि रजा मंजूर झाली. अकरा दिवस त्याने शाखेत बसून जुन्या कर्जांच्या फायली लावल्या. त्या महिन्याचा फिरतीचा भत्ता आणि वसुलीवरचे प्रोत्साहन बुडाले, ते बुडालेच. केशरोपणाच्या खर्चात ही रक्कमही धरायला हवी, आणि क्लिनिकच्या कोटेशनमध्ये ती नसते. शाखेतल्या पोरांनी दोन दिवस चेष्टा केली. तिसऱ्या दिवशी महिनाअखेर आली आणि सगळे आपापल्या टार्गेटच्या मागे लागले. दुसऱ्याच्या केसांकडे माणूस यापेक्षा जास्त वेळ बघत नाही, हे त्याला तेव्हा समजले.

श्रोतेहो, खरी परीक्षा त्यानंतर आली. महिना होत आला तेव्हा एका रात्री त्याचा फोन. “मामू, गळायला लागले. उशीवर पडलेत. सगळे पैसे पाण्यात गेले.” ही गोष्ट त्याला क्लिनिकने एका कागदावर लिहून दिली होती, पण असे कागद कोण वाचतो? लावलेले केस दुसऱ्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान बहुधा गळतात. वरचा केस जातो, मूळ आत राहते आणि विश्रांती घेते. साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे कोंब फुटू लागतात, सहाव्या महिन्यात फरक नजरेत भरतो आणि पुरता निकाल कळायला नऊ ते बारा महिने जातात. मधले दोन-तीन महिने असे असतात, की माणूस पहिल्यापेक्षाही विरळ दिसतो. कधी शेजारचे जुने केसही काही काळ गळतात.

त्या रात्री मी त्याला म्हणालो, “आता सांग, या तीन महिन्यांची रजा कुठून आणली असतीस?”

माझे सगळे म्हणणे या एका हिशेबात आहे. जखमेला दहा दिवस, फार तर पंधरवडा लागतो. लाजेला वर्ष लागते. केस दिसेनात तोवर लोकांसमोर जायचे नाही असे ठरवले तर कोणत्याही कायद्याचे, कोणत्याही सेवापुस्तकाचे रजाखाते पुरणार नाही. ‘कळू न देता’ ही योजना पहिल्या दहा दिवसांत कशीबशी चालते आणि दुसऱ्या महिन्यात मोडते. मग माणूस टोपी घालतो, बैठका टाळतो, दौरे टाळतो, ‘बरे वाटत नाही’ म्हणून तुटक रजा टाकत राहतो. मार्चमध्ये त्याच्या खात्यावर किरकोळ रजा उरलेली नसते आणि खरा ताप येतो तेव्हा बिनपगारी होते. असे दोघे-तिघे माझ्या टेबलावरून गेले आहेत. त्यांच्या डोक्याची जखम केव्हाच भरली होती.

एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. रजेचा हा सगळा हिशेब ज्याला रजा आहे त्याचा. आमच्या सांगलीच्या हळद बाजारातला हमाल, हॉटेलातला वाढपी, रिक्षावाला, गवंड्याच्या हाताखालचा गडी, यांच्या डोक्यावरचे केसही वयाच्या तिशीत जातात आणि त्यांनाही आरसा असतो. मासिक हप्त्यांच्या जाहिराती आता त्यांच्याही मोबाइलवर येतात. त्यांच्यासाठी दहा दिवस म्हणजे दहा दिवसांची मजुरी, आणि ज्याला डोक्यावर किंवा पाठीवर पोते घ्यायचे आहे, उन्हात उभे राहायचे आहे, त्याला दहा नव्हे, महिनाभराचा विचार करावा लागतो. हप्ता मात्र पहिल्याच महिन्यापासून सुरू होतो. तेव्हा आपल्या ओळखीचा असा कोणी हे करायला निघाला, तर हसू नका आणि उपदेशही करू नका. त्याच्याजवळ बसून त्याच्या बुडणाऱ्या दिवसांचा हिशेब कागदावर मांडून द्या. मग तो जे ठरवील ते त्याचे.

भाच्याचे आता ठीक चालले आहे. केस दाट म्हणता येणार नाहीत, पण कपाळाची रेषा खाली आली आहे आणि तो कंगवा बाळगू लागला आहे. मध्यंतरी एका ठिकाणाहून रिश्ता आला. मुलीकडच्यांनी पगार विचारला, घर भाड्याचे की स्वतःचे ते विचारले, गाडीवर फिरतीचे काम किती ते विचारले. केसांचा विषय निघालाच नाही. तो थोडा हिरमुसला असावा. आपा मात्र खूश होती.

रजेच्या अर्जात शेवटी आणखी एक रकाना असतो, ‘रजा काळातील पत्ता’. तो सहसा कोणी गंभीरपणे भरत नाही. ‘वरीलप्रमाणे’ असे लिहून सही ठोकतात. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मीही अशा हजारो अर्जांवर शिक्का मारला आहे. पण तुम्ही केसांसाठी, किंवा कुणाला सांगायला संकोच वाटेल अशा कोणत्याही लहानमोठ्या शस्त्रक्रियेसाठी रजा काढणार असाल, तर कारणाच्या रकान्यापेक्षा या रकान्याचा जास्त विचार करा. तिथे असा पत्ता असू द्या, जिथे रात्री दोन वाजता हाक मारली तर शेजारच्या सतरंजीवरून कोणीतरी उठेल.